फूड प्रोसेसर घ्यायचा का, आणि घ्यायचा तर कोणता? नागपूरच्या ओट्यावरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भिशीत एकदा सहज बोलून गेले की आमच्या घरी बावीस वर्षांत हा तिसरा फूड प्रोसेसर आहे. तेव्हापासून कोणाच्या सुनेचा, कोणाच्या बहिणीचा फोन येतच असतो, आणि एकदा तर बर्डीतल्या दुकानात उभ्या असलेल्या एका मैत्रिणीने तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. "सांग ना वं, यातला कोणता घेऊ?" प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. पहिला प्रोसेसर आहेरात आला होता, दुसरा मी जाहिरात बघून घेतला आणि तिसरा हिशोब करून. खाली जे सांगते ते बहुतेक पहिल्या दोघांनी शिकवलेलं आहे.

घरी चांगला मिक्सर आहे. मग प्रोसेसर वेगळं काय करतो?

मिक्सर वाटतो, प्रोसेसर कापतो. वरवर दोन्हीत पातंच फिरतं, पण मिक्सरचं भांडं उंच आणि खाली निमुळतं असतं, पातं लहान असतं आणि मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगाने फिरतं. वरचा माल सारखा पात्यावर येऊन पडला तरच तो बारीक होतो, म्हणून मिक्सरला पाणी लागतं. प्रोसेसरचं भांडं रुंद आणि सपाट बुडाचं, पातं लांब आणि वेग कितीतरी कमी. त्यामुळे कांदा कांदाच राहतो, त्याचा लगदा होत नाही. शिवाय पातं काढून कणकेचं पातं बसवता येतं, नाहीतर वरच्या अंगाला चकती लावून किस किंवा काप करता येतात.

दोन्ही यंत्रांची कुळं वेगळी आहेत, हे लक्षात ठेवलं तर निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. फूड प्रोसेसर फ्रान्सचा. तिथल्या हॉटेलांच्या भटारखान्यासाठी ते यंत्र बनलं, मग त्याची घरगुती आवृत्ती आली, आणि १९७३ मध्ये कार्ल सोन्थायमर यांनी ते 'क्विझिनार्ट' नावाने अमेरिकेत आणलं. भाज्या चिरणं, पीठ मळणं ही त्यांच्या स्वयंपाकाची गरज. आपला मिक्सर दहा वर्षं आधीचा, १९६३ चा. सत्यप्रकाश माथुर हे सीमेन्समध्ये इंजिनिअर होते. पत्नी माधुरी यांचा परदेशी मिक्सर बंद पडला आणि इथे दुरुस्त होईना, तेव्हा त्यांनी आपल्या चटण्या-वाटणाला पुरेल असं दणकट यंत्र घडवलं. तोच 'सुमीत'. आमच्या सासूबाई अजूनही कुठल्याही मिक्सरला सुमीतच म्हणतात. सांगायचं एवढंच, की एकाने दुसऱ्याचं काम करावं असा हट्ट धरला की दोघंही रुसतात.

मला प्रोसेसर लागेल की नाही, हे कसं ठरवू?

दुकानात जायच्या आधी एक आठवडा गॅस-दुधाच्या हिशोबाच्या कॅलेंडरवर लिहा. रोज कणिक किती भिजवली, कांदा-कोबी-गाजर किती चिरलं, किस किती काढला. वाटण लिहू नका, ते मिक्सरचं काम.

दोघांचं घर असेल आणि रोज आठ पोळ्या लागत असतील तर घेऊ नका. सुरी आणि परात धुवायला अर्धं मिनिट लागतं, प्रोसेसर धुवायला पाच. घरात पाच-सहा माणसं असतील, दोन्ही वेळच्या पोळ्या असतील, किंवा मनगट, अंगठा दुखत असेल तर मात्र हा खर्च चैनीचा नाही. माझा तिसरा प्रोसेसर मी उजव्या मनगटासाठीच घेतला.

आणखी एक गोष्ट मोजा, ओट्यावरची जागा. जे मशीन खालच्या कपाटातून काढून, पुसून, जोडून चालवावं लागतं ते तीन महिन्यांत माळ्यावर जातं. माझं पहिलं असंच गेलं. ओट्यावर कायमची दीड फूट जागा आणि जवळ प्लग नसेल तर कितीही उत्तम मॉडेल घेतलं तरी ते दिवाळीच्या साफसफाईलाच दिसेल.

बाजारात प्रकार किती आहेत? सगळ्यांनाच फूड प्रोसेसर म्हणतात.

इथेच सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिला प्रकार म्हणजे मूळचा मिक्सर-ग्राइंडरच, सोबत तीन स्टीलची भांडी आणि एक मोठं प्लास्टिकचं प्रोसेसरचं भांडं. मोटर एकच, तिच्यावरच सगळं बसतं. मिक्सरचा वेग प्रोसेसरला झेपत नाही, म्हणून मोठ्या भांड्याच्या बुडाशी गिअर असतात आणि ते वेग उतरवतात. जागा कमी लागते, मिक्सर वेगळा ठेवावा लागत नाही, आणि आपल्याकडच्या बहुतेक घरांना हाच प्रकार सोयीचा. यातलं नाजूक दुखणं एकच, ते गिअर. ते बहुधा नायलॉनचे असतात आणि जास्त भार आला की दात तुटतात.

दुसरा प्रकार रुंद बैठकीचा. एका अंगाला प्रोसेसरचं भांडं, दुसऱ्या अंगाला मिक्सरची भांडी, किंवा एकाच ठिकाणी आलटून पालटून. हा कणकेला भक्कम असतो, कारण भांडं रुंद आणि बैठक जड. पण जागा खातो.

तिसरा प्रकार नुसता प्रोसेसर, मिक्सरचं भांडंच नाही. परदेशी बनावटीचे महागडे बहुतेक यातलेच. कापायला, मळायला यांच्यासारखं मशीन नाही. पण घरात मिक्सर वेगळा लागतोच, कारण यात हिरवी चटणीसुद्धा धड होत नाही.

आणि चौथा, ज्याला दुकानदार प्रोसेसरच म्हणतो पण तो प्रोसेसर नव्हे, तो म्हणजे छोटा चॉपर. वाटीभर कांदा, मूठभर लसूण यासाठी छान आहे. दोघांच्या घराला मी तोच सुचवते. दोरी ओढायचा तर विजेशिवाय चालतो, आणि लाइन गेलेली असताना पोह्यांचा कांदा त्यातच चिरून होतो.

किती वॅटचा घ्यावा?

पहिल्या प्रकारात ७५० वॅट घ्या. ५०० वॅटवर किस, काप होतात, पण कणिक मळताना मोटर कण्हते. १००० वॅटचा असला तर वाईट नाही, फक्त आवाज वाढतो. वॅट म्हणजे मोटर वीज किती ओढते त्याचा आकडा. पात्यापर्यंत जोर किती पोचतो हे गिअर, बैठक आणि वाइंडिंगवर, म्हणजे मोटरमध्ये गुंडाळलेल्या तारेवर ठरतं. म्हणून ७५० आणि ८५० मध्ये अडून बसू नका. त्यापेक्षा दुकानात मशीन दोन्ही हातांनी उचलून बघा. हलकं लागलं तर कणकेच्या वेळी ते ओट्यावर नाचणार.

खोक्यावर किंवा बुडाच्या पट्टीवर 'रेटिंग ३० मिनिटं' असं काही लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ सलग अर्धा तास चालवा असा नाही. बहुतेक पुस्तिकांत पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद, अशा फेऱ्या सांगितलेल्या असतात. पुस्तिका वाचायला पाच मिनिटं लागतात, पण आपण खोकं फोडल्याबरोबर ती ड्रॉवरमध्ये टाकतो. आयएसआयचा शिक्का असेल तर त्याखाली आयएस ४२५० हा आकडा बघा. घरगुती मिक्सर-लिक्विडायझरचं भारतीय मानक ते.

कणिक खरंच चांगली भिजते का? पोळ्या मऊ होतात?

होतात, पण मशीनला कणिक समजत नाही, ती आपल्यालाच समजावी लागते.

माझी पद्धत सांगते. अर्धा किलो कणिक, मीठ, दोन चमचे तेल. प्लास्टिकचं कणकेचं पातं, वेग एकवर. झाकणाच्या नळीतून आधी एक मोठा पेला, साधारण २५० मिली पाणी एका संथ धारेने सोडायचं. भांड्यात आधी ओल्या रव्यासारखे कण दिसतात आणि मशीन एकसुरी घरघरतं. मग पाणी अगदी चमच्याचमच्याने. कण एकमेकांना धरू लागतात, आवाज जड होतो, आणि एका क्षणी सगळं गोळा होऊन उंडा भांड्याच्या भिंतीवर थापथाप आपटायला लागतो. बैठकही हलते. तिथेच बंद. पहिल्या थेंबापासून इथवर दीड-दोन मिनिटं. सगळं मिळून पाणी साधारण ३०० मिली लागतं, पण गहू लोकवन की शरबती, पीठ कालचं की महिन्याचं, यावर ते खालीवर होतं. म्हणून मापापेक्षा आवाजावर विश्वास ठेवा.

"अजून जरा मळू दे" हा मोह टाळा. जास्त फिरवलं की कणिक गरम होते, चिकट होते आणि पोळी चिवट होते. बाहेर काढून तेलाच्या हाताने अर्धं मिनिट मळायचं आणि झाकून वीस मिनिटं ठेवायचं. हे अर्धं मिनिट वाचवायला गेलात तर पोळी सांगते. आणि हो, पात्याच्या खाली कोरडं पीठ राहतं. ते बोटाने काढून घ्या, नाहीतर पोळीत पांढरा ठिपका येतो आणि सासरे विचारतात.

मांड्यांची, म्हणजे आपल्या लांबपोळीची कणिक मात्र मशीनमध्ये करू नका. ती इतकी सैल असते की पात्याला गुंडाळून बसते. ती हातानेच उचलून आपटायची असते.

एका वेळी एक किलो कणिक टाकली तर?

हा प्रयोग मी करून बसलेय. महालक्ष्म्यांचा दिवस, जेवायला पस्तीस पानं, सोळा भाज्या चिरून व्हायच्या होत्या आणि वेळ वाचवायचा म्हणून मी दुसऱ्या प्रोसेसरमध्ये सव्वा किलो कणिक कोंबली. आधी एक करकर ऐकू आली, मग मोटर मोकळी फिरायला लागली आणि पातं जागेवर. गिअरचे पांढरे दात भांड्याच्या बुडाशी खडीसाखरेसारखे पडले होते. चूक मशीनची नव्हती, भांड्यावर ५०० ग्रॅमची मर्यादा छापलेली होती. जाऊबाईंनी काही न बोलता परात पुढे सरकवली.

तर मर्यादा पाळा. दोन घाण्यांत करा, मध्ये पाच मिनिटं मोटर निवू द्या. पुरणाचंही तेच. पुरण यंत्रातून काढायचा कंटाळा असेल तर प्रोसेसरच्या स्टीलच्या पात्याने मऊसूत होतं, पण कोमट असताना आणि थोडं थोडं. पूर्ण गार झालेलं घट्ट पुरण हे मोटरसाठी सिमेंटच आहे.

कांदा बारीक चिरताना पाणी सुटतं. माझं काही चुकतं का?

बटण सलग फिरवता, हे चुकतं. चिरायचं काम नेहमी इंचरवर, म्हणजे बटण डावीकडे दाबायचं आणि सोडायचं, एकेक सेकंद. कांद्याचे चार-चार तुकडे करून टाका, भांडं अर्ध्याच्या वर भरू नका, पाच-सहा झटक्यांत काम होतं. सातव्या झटक्याला रस सुटायला लागतो आणि दहाव्याला त्याचं वाटण होतं.

आणि सांबारवडीचा सांबार?

(बाहेरून आलेल्यांसाठी: आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. इडलीसोबतचा तो वेगळा.)

यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. सासूबाई म्हणतात, सांबार विळीवरच. मी म्हणते, दोन जुड्यांपर्यंत विळी, त्यापुढे प्रोसेसर. हिवाळ्यात हिरवागार सांबार स्वस्त झाला की आम्ही एका वेळी चाळीस-पन्नास वड्या करतो. तेवढा सांबार विळीवर चिरायला बसलं की मान आखडते.

पण मशीनमध्ये टाकायचा तर तो खडखडीत कोरडा हवा. आदल्या रात्री निवडून, धुऊन, जुन्या सुती साडीवर पसरायचा. सकाळी मुठीत घेतल्यावर हाताला ओल लागता कामा नये. जाड देठं काढून टाकायची. मग थोडा थोडा टाकून इंचरचे चार झटके, पाचवा नाही. ओला सांबार पात्याखाली चुरडतो, काळा पडतो, त्याचं पाणी सारणात उतरतं आणि तळताना वडीचं आवरण फुटतं. मिक्सरच्या भांड्यात तर मुळीच नको. तिथे त्याची चटणी होते, मग ती वडी कशाची!

सावजी मसाला यात वाटता येईल?

नाही. रुंद भांड्यात मसाला पात्याने उडून भिंतीला चिकटतो आणि तिथेच बसतो. भाजलेलं खोबरं, खसखस, धने, दगडफूल, मिरे हे सगळं काळं-तुळतुळीत वाटलं जायला छोटं स्टीलचं भांडंच लागतं. खसखस आधी भिजवा. कोष्टी आळीतली मंडळी तर म्हणतील, पाटा-वरवंट्याशिवाय सावजीचं नाव घेऊ नका. त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

भिवापुरी मिरचीची पूडही यात करू नका. ती बारीक होणार नाही, पण झाकणाच्या फटीतून उडून घरभर खोकला करील.

वडाभाताच्या डाळी?

उत्तम! प्रोसेसरने माझ्या घरात जागा कमावली ती कणकेने आणि या वड्यांनी. भिजवलेल्या डाळी चाळणीत पूर्ण निथळून स्टीलच्या पात्याने फिरवल्या तर पाण्याचा थेंबही न घालता भरडसर होतात, मधूनमधून अख्खी डाळ राहते. मिक्सरमध्ये पाणी घालावंच लागतं, मग वडा तेल पितो. उन्हाळ्यातल्या मुगवड्यांनाही हेच. फल्लीदाण्याचं कूटही यात मोकळं होतं. मिक्सरमध्ये जरा जास्त फिरलं की दाण्याला तेल सुटून गोळा होतो.

संत्र्याचा रस काढायला कोणतं अटॅचमेंट चांगलं?

नागपुरात हा प्रश्न येणारच. खोक्यात बहुधा दोन गोष्टी असतात, मोसंबी-लिंबासाठी फिरणारा शंकू आणि जाळीचा ज्यूसर. शंकू घट्ट सालीच्या फळासाठी असतो. आपलं संत्रं सैल सालीचं, त्याची साल फोडींपासून सुटी असते. अर्धं कापून शंकूवर दाबलं की साल फाटते आणि फोड हातात येते. जाळीच्या ज्यूसरमध्ये रस निघतो पण बिया खरवडल्या जातात आणि कडू होतो.

मी काय करते, तर सोलून, वरचे धागे काढून, फोडी मिक्सरच्या जाळीवाल्या ज्यूसच्या भांड्यात टाकते आणि सगळ्यात कमी वेगावर तीन-चार झटके देते. फोडी फुटतात, बिया बहुतेक अख्ख्या राहतात. मग गाळणी. रस लगेच प्यायचा. बिया फुटल्या नाहीत तरी फोडीच्या पातळ पापुद्र्यात आणि बियांत जे असतं त्याने रस ठेवल्यावर हळूहळू कडवट होतो, लिमोनिन म्हणतात त्याला. सकाळी काढून संध्याकाळी पाहुण्यांना द्यायचा विचार असेल तर संत्रीच सोलून द्या.

थोडक्यात, नुसत्या रसासाठी प्रोसेसर घेऊ नका.

उन्हाळी कामांना किती उपयोग?

कैरीच्या किसाला भरपूर. चार किलो कैऱ्या किसणीवर किसून बोटांची सालं काढायची की चकतीवर दहा मिनिटांत उरकायच्या? मुरंबा, साखरआंबा, छुंदा, सगळ्याचा किस एकसारखा पडतो. बटाट्याच्या चिप्सना चकती चालते, पण आधी तिच्या कापाची जाडी बघा. पुष्कळ मॉडेलांत जाडी बदलता येत नाही आणि मिळणारा काप वाळवायला जरा जाडच असतो. लोणच्याच्या फोडी मात्र अडकित्त्यावर. कोय असलेली कैरी चकतीवर घालाल तर चकतीही जाईल.

मे महिन्यात मशीन मधेच बंद पडतं. बिघडलं का?

बहुधा नाही. पंचेचाळीस डिग्रीत स्वयंपाकघरातली हवाच तापलेली असते, मोटरला निवायला जागा नाही. त्यात दुपारी गल्लीतले सगळे कूलर चालू, व्होल्टेज पडलेलं. मोटरचा जोर कमी पडतो, पातं अडतं, मोटर आणखी तापते आणि आतला सुरक्षा-स्विच ती तोडतो. प्लग काढा, भांड्यातला माल अर्धा करा, अर्धा तास थांबा, मग मशीन उलटं करून बुडाचं लाल बटण दाबा. उन्हाळ्यात कणिक आणि वडे सकाळी सातच्या आत उरका, तुम्हालाही बरं आणि मोटरलाही.

नवीन मशीनला पहिल्या चार-पाच वेळा जळकट वास येतो तो वाइंडिंगच्या वार्निशचा. नंतर जातो. धूर दिसला तर मात्र दुकान.

आणि मशीन अजिबात सुरूच होत नसेल तर आधी झाकण बघा. भांडं आणि झाकण दोन्ही 'टक्' करून बसल्याशिवाय मोटर सुरू न होण्याची सोय असते. माझ्याकडे आलेल्या 'बंद पडलं' अशा तक्रारींतल्या निम्म्या या 'टक्'च्या निघाल्या.

खोक्यावर तेरा अटॅचमेंट लिहिलेत. जास्त म्हणजे चांगलं ना?

त्या तेरांत झाकण, दांडा आणि उलथनंही मोजलेलं असतं. कामाच्या चार: स्टीलचं पातं, कणकेचं पातं, किसायची चकती, कापायची चकती. बाकीच्या एका पिशवीत जातात आणि ती पिशवी कुठे ठेवली ते कोणाला आठवत नाही.

प्लास्टिकच्या भांड्यात गरम घालावं का?

नाही. वाफ कोंडली की झाकण उडतं, आणि प्लास्टिकला बारीक चिरा जातात. टोमॅटो, पालक शिजवलेला असेल तर पूर्ण निवू द्या. पातळ पदार्थ मधल्या दांड्याच्या नळीच्या वर भरू नका. तिच्यावरून पाणी थेट मोटरवर उतरतं.

धुण्याची कटकट किती?

कटकट आहेच. पण ताबडतोब धुतलं तर कमी. कणिक वाळली की ती पात्याच्या पोकळीत सिमेंटसारखी बसते, मग टूथब्रश घेऊन बसा. भांड्यात पेलाभर पाणी आणि एक थेंब साबण घालून दोन झटके द्या, निम्मं काम होतं.

दोन गोष्टी करू नका. स्टीलचं पातं फेसाच्या बादलीत टाकून ठेवू नका. दुसऱ्याच्या, विशेषतः कामवाल्या ताईंच्या हाताला ते दिसत नाही आणि बोट कापतं. आणि गिअरवालं भांडं रात्रभर पाण्यात बुडवून ठेवू नका. बुडातून पाणी आत शिरतं, बुश गंजतो आणि मग ते किंचाळायला लागतं.

हळदीचा पिवळा डाग कितीही घासला तरी जात नाही. धुऊन गच्चीवर उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हात उडतो, आणि ऊन आपल्याकडे काही विकत आणावं लागत नाही.

विजेचं बिल वाढेल?

७५० वॅटचं मशीन रोज दहा मिनिटं चालवलं तर महिन्याला पावणेचार युनिटच्या आसपास. कूलर त्याहून जास्त खातो. ६ अँपिअरचा साधा प्लगही पुरतो, फक्त त्याच बोर्डावर एक्स्टेन्शन लावून मायक्रोवेव्ह चालवू नका.

आवाज?

होतो. दुपारी बाळ झोपलेलं असताना चालवायचं मशीन नव्हे हे. खाली जुनं टर्किश टॉवेल घालतात काही जणी, ते मात्र करू नका. मोटरची हवा खालून येते.

दुकानातून घेऊ की ऑनलाइन?

ऑनलाइन शे-पाचशे कमी पडतात हे खरं. मी तरी दुकानातून घेते, कारण मला झाकण स्वतः लावून बघायचं असतं. सीताबर्डी, इतवारी, सदर, कुठेही जा, पण दुकानदाराला खोकं उघडायला लावा. भांडं एका हाताने बसतं का, झाकण ओल्या हाताने फिरतं का, कणकेचं पातं डगमगतं का, ते बघा. नळीचं तोंड किती रुंद आहे तेही बघा. अख्खं गाजर आणि अर्धा बटाटा गेला पाहिजे, नाहीतर मशीनमध्ये घालण्यासाठी आधी हाताने चिरत बसावं लागतं, आणि मग कशाला घेतलं? रिकामं चालवून बैठकीवर तळहात ठेवा. थोडी थरथर चालते, उड्या नाहीत.

शेवटी विचारा: या मॉडेलचं प्रोसेसरचं भांडं सुटं मिळतं का, केवढ्याला? कपलर (मोटरचं फिरणं भांड्याला देणारा जोड), गिअर, झाकण? दुकानदार "मिळून जाईल ना ताई" म्हणाला तर "दाखवा" म्हणा. दोन वर्षांनी मोटर ठणठणीत आणि तीनशे रुपयांच्या झाकणावाचून मशीन माळ्यावर, हे मी दोन घरांत पाहिलंय.

वॉरंटीत दुरुस्ती करून मिळत नसेल तर?

माझ्या दुसऱ्या प्रोसेसरचं सर्व्हिस सेंटर दोन महिने "पार्ट येऊन राहिला" एवढंच सांगत होतं. तिसऱ्या खेपेला मी बिलाची झेरॉक्स, बुडावरच्या सिरियल नंबरचा फोटो आणि तारीखवार कागद घेऊन गेले, सोबत जॉब-शीटवर सही-शिक्का मागितला. पार्ट चार दिवसांत आला. तोंडी तक्रारीला वजन नसतं, म्हणून दर वेळी जॉब-शीट घ्याच.

त्यानेही नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, फोन फुकट आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी कुठचीही असो. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. वकील लागतोच असं नाही. बिल मात्र लागतं, आणि थर्मल कागदावरचं बिल नागपूरच्या उन्हाळ्यात सहा महिन्यांत कोरं होतं. घरी आल्याबरोबर फोटो काढून ठेवा.

जुना मिक्सर एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू?

नका देऊ. एक्स्चेंजचे तीनचारशे येतात, पण ज्या दिवशी नव्याचं भांडं दुरुस्तीला जातं त्या दिवशी चटणी त्याच जुन्यावर होते. आधी गल्लीतल्या मिक्सरवाल्या भाऊंना दाखवा. बहुतेक वेळा मोटरमधले कार्बनचे तुकडे झिजलेले असतात किंवा कपलर गेलेला असतो. दोन्ही स्वस्तात बदलून मिळतात. आमचा आहेरातला प्रोसेसर मी असाच माळ्यावरून उतरवून त्यांच्याकडे नेला होता. मोठं भांडं केव्हाच फुटलंय, पण मोटर चालते. सध्या तो मागच्या अंगणात मोलकरणीच्या लेकीकडे जायच्या वाटेवर पिशवीत बांधून ठेवलाय, दोन स्टीलच्या भांड्यांसकट.